भूकंपाचा नकाशा आणि मृत्यूचा नकाशा

मिरज शहराच्या वायव्येला सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटरवर कोयनानगर आहे; ईशान्येला सुमारे २४५ किलोमीटरवर किल्लारी. स्वतंत्र महाराष्ट्राने अनुभवलेले दोन सर्वांत विनाशक भूकंप या दोन ठिकाणी झाले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. पहिल्याची महत्ता ६.३ होती, तर दुसऱ्याची ६.२. दोन्ही भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हते आणि दोन्ही वेळी माणसे गाढ झोपेत होती.

तरीही कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० ते २०० माणसे दगावली, तर किल्लारीच्या भूकंपात सरकारी आकड्यांनुसार ७,९२८. काही अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. जवळपास सारख्याच शक्तीच्या आणि सारख्याच प्रहरी झालेल्या दोन भूकंपांतील मृतांच्या संख्येत सुमारे चाळीसपट अंतर का पडावे? भूकंपमापक यंत्राच्या नोंदीत या प्रश्नाचे पूर्ण उत्तर सापडत नाही. ते सापडते नकाशावर. मात्र त्यासाठी एक नकाशा पुरत नाही. एकावर एक ठेवलेले अनेक नकाशे लागतात.

महत्ता एक, तीव्रता अनेक

बोलण्यात आणि बातम्यांमध्ये ‘तीव्रता’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. भूकंपात एकूण किती ऊर्जा मुक्त झाली, हे सांगणारा आकडा म्हणजे महत्ता. एका भूकंपाची महत्ता एकच असते. ती एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. तीव्रता मात्र ठिकाणागणिक बदलते. एखाद्या गावात जमीन किती हादरली आणि तिचा घरांवर व माणसांवर काय परिणाम झाला, याचे ते मोजमाप आहे. भारतात त्यासाठी १९६४ मध्ये तयार झालेली बारा पायऱ्यांची श्रेणी प्रचलित आहे. पहिल्या पायरीचा हादरा केवळ यंत्राला कळतो. पाचव्या पायरीला झोपलेली माणसे जागी होतात. आठव्या पायरीला दगडमातीच्या बहुतेक घरांच्या भिंतींना भगदाडे पडतात व घराचे काही भाग कोसळतात.

कोयनानगर परिसरात १९६७ मध्ये तीव्रता आठव्या पायरीपर्यंत पोहोचली होती. तो भूकंप पुण्या-मुंबईतही जाणवला आणि कोयनेची वीज बंद पडल्याने मुंबई अंधारात बुडाली. एकाच महत्तेच्या भूकंपाने एका ठिकाणी घरे पाडली आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त भांडी वाजवली. हा फरक कागदावर उतरवण्याची रीत म्हणजे समतीव्रता रेषांचा नकाशा. सारखी तीव्रता अनुभवलेली गावे एका वक्ररेषेने जोडायची. उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांप्रमाणे या रेषा भूकंपाच्या केंद्राभोवती वेढे घालतात.

ही पद्धत संगणकाच्या फार आधीची आहे. १८५७ मध्ये दक्षिण इटलीत झालेल्या भूकंपानंतर रॉबर्ट मॅलेट हा आयरिश अभियंता गावोगाव हिंडला आणि पडलेल्या भिंतींवरून व तड्यांच्या दिशांवरून त्याने नुकसानीचे पट्टे आखले. भारतात १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी असाच विस्तृत अभ्यास केला. त्यांचा १८९९ चा अहवाल भूकंपशास्त्रात आजही आधारभूत मानला जातो. भूकंपानंतर सर्वेक्षकांनी गावोगाव जाऊन पाहणी करायची आणि नकाशा काढायचा, ही परंपरा कोयना व किल्लारीतही पाळली गेली.

थरावर थर

समतीव्रता रेषांचा नकाशा जमीन किती हादरली ते सांगतो. माणसे किती मेली हे सांगत नाही. भूकंपाच्या केंद्राशेजारी निर्मनुष्य डोंगर असेल तर तेथे मृत्यूची नोंद शून्य असते. थोड्या दूरच्या, दाटीवाटीने वसलेल्या गावात मात्र हाहाकार उडू शकतो. म्हणून जीवितहानी समजून घ्यायची तर तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : जमिनीचा हादरा, त्या हादऱ्याच्या कक्षेतील माणसे आणि ती माणसे ज्या छपराखाली होती त्या घरांची ताकद.

या तिन्ही गोष्टी एकाच पटावर मांडण्याचे काम भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, करते. तिच्यातील प्रत्येक माहितीला अक्षांश-रेखांशाची जोड असते. गावांच्या सीमा, जनगणनेतील लोकसंख्या, घरांच्या भिंती व छपरांचा प्रकार, मातीची जात, नद्या, रस्ते, पूल, रुग्णालये आणि शाळा यांचे वेगवेगळे थर तयार केले जातात. पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरावेत, तसे हे थर एकत्र वाचता येतात. मग संगणकाला प्रश्न विचारता येतो : तीव्रता आठव्या पायरीची असलेल्या पट्ट्यात दगडमातीची घरे किती, त्यांत माणसे किती आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर?

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची ‘पेजर’ ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते. जगात कोठेही मोठा भूकंप झाला की हादऱ्याचा नकाशा लोकसंख्येच्या व घरांच्या माहितीशी जोडून साधारण अर्ध्या तासात संभाव्य मृतांचा अंदाज दिला जातो. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत तो जाहीर होतो. या अंदाजाने मृतांचा नेमका आकडा कळत नाही. मदतीचा पल्ला किती मोठा ठेवावा लागेल, हे मात्र बातम्या पोहोचण्याआधी कळते.

माळवदाखालची झोप

आता कोयना आणि किल्लारी यांचे थर शेजारी ठेवून पाहता येतील.

पाटण तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीतला. तेथे पाऊस धो धो कोसळतो, त्यामुळे मातीचे सपाट छप्पर टिकत नाही. घरांवर उतरती, तुलनेने हलकी कौलारू छपरे असतात. वस्तीही डोंगरउतारांवर लहान लहान वाड्यांत विखुरलेली. भिंती येथेही पडल्या आणि कोयनानगरातील बहुसंख्य घरांचे नुकसान झाले. मात्र अंगावर कोसळणारा भार कमी होता आणि एका ठिकाणी सापडणारी माणसेही कमी होती.

किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत चित्र उलट होते. कमी पावसाचा, कडक उन्हाचा हा प्रदेश. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर दिलेले माळवद, ही तेथील घरबांधणी. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पण भिंतीचे दगड चिखलात बसवलेले होते. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग वेगवेगळे रचून मधली पोकळी लहान दगडांनी भरलेली होती आणि दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादऱ्याबरोबर भिंतीची दोन अंगे सुटली, दगडांचे ढीग खोल्यांत कोसळले आणि त्यांवर माळवदाची माती आली. गावठाणे दाट आणि गल्ल्या अरुंद असल्याने बाहेर पडलेल्यांनाही मोकळी जागा मिळाली नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून दमलेली माणसे घरात झोपली होती.

याच गावांतील गवताच्या वा पत्र्याच्या हलक्या छपराच्या झोपड्यांतून अनेक जण वाचले. ज्यांचे घर जाड, भक्कम आणि प्रतिष्ठेचे होते, त्यांच्यावर मृत्यू अधिक कोसळला. हादऱ्याचा नकाशा आणि मृत्यूचा नकाशा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. मृत्यूचा नकाशा घरांच्या नकाशाशी अधिक जुळतो.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सुमारे ५० गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर हजारो घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. भिंतीत आरपार दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा सलग पट्टा देणे आणि माळवदावरील माती कमी करणे, हे उपाय साधे आणि तुलनेने स्वस्त होते. भूकंपाआधी कोणत्या गावात अशी घरे किती, याची मांडणी नकाशावर असती, तर ते आधीही करता आले असते.

माती आणि घड्याळ

घरांच्या थराखाली मातीचा थर असतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या ७.७ महत्तेच्या भूकंपाने हे ठळकपणे दाखवून दिले. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नदीच्या गाळाचे जाड थर हादरे वाढवतात. कठीण खडकावर तेच हादरे सौम्य राहतात. त्यात तळमजल्यावर वाहनांसाठी फक्त खांब आणि वर भिंतींचे मजले, अशी रचना असेल तर सर्व ताण त्या खांबांवर येतो. अहमदाबादमधील पडलेल्या अनेक इमारती याच रचनेच्या होत्या. म्हणजे केंद्रापासूनचे अंतर ही सुरक्षिततेची हमी नव्हे.

आणखी एक थर आहे, तो काळाचा. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. शनिवार हा तेथे सुटीचा दिवस. हजारो शाळा पडल्या, पण वर्ग रिकामे होते. खेड्यांतील अनेक जण शेतांत होते. तरीही सुमारे नऊ हजार माणसे गेली. तो भूकंप रात्री झाला असता तर हा आकडा किती तरी वाढला असता. म्हणून चांगल्या नकाशाला लोकसंख्येचे किमान दोन थर लागतात : रात्री माणसे कोठे झोपतात आणि दिवसा कोठे असतात. जनगणना पहिला थर देते. दुसरा मात्र शाळा, बाजारपेठा, कारखाने आणि कार्यालये यांच्या नोंदींतून बांधावा लागतो.

सांगली-मिरजेचा पट

सांगली जिल्ह्याला भूकंप हा शेजारच्या जिल्ह्याचा विषय वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. शिराळा तालुक्यात चांदोली येथे वारणा धरण आहे. १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले आणि १९९३ पासून वारणेच्या परिसरातील हादरे लक्षणीय वाढले. कोयना-वारणा हा उत्तर-दक्षिण पट्टा जलाशयामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपांचा जगातील सर्वाधिक अभ्यासलेला प्रदेश आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात पाणी अडवल्यापासून येथे पाचपेक्षा अधिक महत्तेचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. हे भूकंप सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा छोट्या क्षेत्रात एकवटलेले असल्याने शास्त्रज्ञांना येथे जमिनीखालच्या भेगांचा नकाशा बारकाईने काढता येतो. त्यासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे संशोधन केंद्र उभारले आणि पाटण तालुक्यात तीन किलोमीटर खोल चाचणी विंधनविवर २०१७ मध्ये पूर्ण केले.

जमिनीखालचा नकाशा असा सूक्ष्म होत असताना जमिनीवरचा नकाशाही त्याच तोलाचा हवा. शिराळा आणि पाटण तालुक्यांत उतारांचा थर महत्त्वाचा आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव या गावांवर दरडी कोसळल्या. पावसाने सैल होणारे उतार भूकंपानेही सैल होतात आणि घाटरस्ते बंद पडतात. मदतीच्या नकाशावर सरळ अंतर नव्हे, तर उघड्या राहू शकणाऱ्या रस्त्याचे अंतर मोजावे लागते.

मिरजेचे स्थान या पटावर दुहेरी आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर वसलेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिका क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे पाच लाख लोकवस्ती होती. जुन्या मिरजेत सतारमेकर गल्लीसारख्या भागांत दाट वस्ती आणि चिंचोळे रस्ते आहेत, तर उपनगरांत नव्या अपार्टमेंट्स उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येक भागाची दुर्बलता वेगळी. एकीकडे जुन्या दगडविटांच्या भिंती आणि अग्निशामक बंब न शिरणारी वाट, दुसरीकडे तळमजल्यावरील पार्किंगचे खांब.

दुसरी बाजू अशी की, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरज वैद्यकीय सेवेचे केंद्र बनले. १९६२ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही स्थापन झाले. कोयना-वारणा पट्ट्यात मोठी आपत्ती आली तर कराड, कोल्हापूरबरोबर मिरजेकडेही जखमी येतील. भूकंपातील जखमींमध्ये हाडे मोडलेले, दबलेले, डोक्याला मार लागलेले रुग्ण अधिक असतात आणि पहिले काही तास निर्णायक ठरतात. कोणत्या गावाहून कोणत्या रस्त्याने किती जखमी कोठे न्यायचे, हा प्रश्न आधीच नकाशावर सोडवलेला असेल तर त्या तासांत चौकशीत वेळ जात नाही. रुग्णालयाची इमारत स्वतः हादरा सोसेल का, हाही त्याच नकाशातील एक ठिपका असतो.

नोंदी आहेत, जोडणी हवी

असे नकाशे काढण्यासाठी सर्व माहिती नव्याने गोळा करावी लागते, हा समज बरोबर नाही. देशाचा भूकंपप्रवणता नकाशा १९६२ मध्ये प्रथम तयार झाला. कोयनेच्या अनुभवानंतर १९७० मध्ये त्यातील ‘शून्य’ धोक्याचा विभाग रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. १९९३ मध्ये किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ च्या सुधारणेत तो विभागच दुसऱ्यात विलीन झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात आला. दोन्ही वेळा नकाशा आपत्तीनंतर बदलला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिवाय हे विभाग एवढे मोठे आहेत की, एका गल्लीतील दोन घरांतला फरक त्यांत दिसत नाही.

तो फरक दाखवणारी कागदपत्रे स्थानिक पातळीवर असतात. केंद्राच्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती निघालेल्या दुर्बलता नकाशासंग्रहात जनगणनेच्या आधारे जिल्हावार घरांची वर्गवारी आहे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीत घर मातीचे, दगडविटांचे की काँक्रीटचे, हे लिहिलेले असते. महापालिकेकडे मालमत्ता करासाठी बांधकामाचा प्रकार नोंदवलेला असतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घराघराची सीमा नकाशावर आली आहे. उद्देश मालकी हक्काच्या सनदेचा असला, तरी त्या सीमेत भिंतीचा व छपराचा प्रकार भरला की भूकंपाच्या अभ्यासाचा पाया तयार होतो. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्याकडे उपग्रह छायाचित्रे व तांत्रिक क्षमता आहे. उणीव आहे ती या सर्वांच्या जोडणीची.

नकाशाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. उपग्रह वरून पाहतो. मजले एकमेकांवर बसले, पण गच्ची शाबूत राहिली, तर ती इमारत चित्रात धडधाकट दिसते. पंचनाम्यात घर ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’ पडले एवढेच लिहिले गेले, तर ते का पडले हे कळत नाही. मृताची नोंद त्याच्या मूळ गावी झाली, पण मृत्यू दुसरीकडे झाला असेल, तर ठिपका चुकीच्या जागी पडतो. यासाठी प्रत्येक नोंदीत व्यक्ती नेमकी कोठे होती, छप्पर कोणते होते आणि इजा कशाने झाली, या तीन बाबी हव्यात. भरपाई वाटपासाठी त्यांची गरज भासत नाही, पण पुढचे जीव वाचवण्यासाठी भासते.

सांगली-मिरजेच्या नागरिकांना नकाशाचे मोल नव्याने सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी निळी आणि लाल पूररेषा हे शब्द घरोघरी पोहोचवले. पाणी कोठवर येईल, हे रेषेवरून कळते आणि त्यानुसार सामान वरच्या मजल्यावर हलवता येते. भूकंप मात्र पुराप्रमाणे पातळी वाढवत, इशारा देत येत नाही. त्यामुळे त्याचा नकाशा तो येण्याआधीच पूर्ण असावा लागतो. भूकंप रोखणे कोणाच्या हाती नाही; कोणती भिंत आधी पडेल हे ओळखून ती बांधून घेणे मात्र हाती आहे. कोयना आणि किल्लारी यांच्या मृतांच्या आकड्यांतील अंतर बव्हंशी त्या भिंतींचे आणि छपरांचे अंतर होते.